मुलांच्या वर्षाचा ताळेबंद

मार्च संपत आला की व्यापारी घरातील रात्री लांबतात. रोजमेळ खतावणीशी जुळवला जातो, येणे-देणे तपासले जाते, गोदामातील माल कागदावरून न मानता प्रत्यक्ष मोजला जातो. दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो कोठे पडला हे सापडेपर्यंत मुनीमजी जागचे हलत नाहीत. लातूरच्या गंजगोलाईतील कापडाचे दुकान असो की मार्केट यार्डातील तूर-सोयाबीनची आडत असो, हा शिरस्ता सारखाच आहे.

त्यानंतर बरोबर महिन्याभराने त्याच घरात आणखी एक हिशेब येतो. महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन आटोपले की प्राथमिक शाळांतून निकाल दिला जातो आणि मूल प्रगतिपुस्तक घेऊन घरी येते. श्रेणी पाहिली जाते, तोंड गोड केले जाते, पालकाच्या रकान्यात सही होते आणि पुस्तक कपाटात जाते. दहा रुपयांसाठी रात्र जागवणाऱ्या घरात या हिशेबाला अनेकदा पाच मिनिटेही मिळत नाहीत. 1 मे हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. त्या सकाळी वडिलांनी मुलासोबत शाळेत जावे आणि ते पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचावे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

वाचायचे म्हणजे नेमके काय वाचायचे? राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळांत 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत रुजली. तीत आकारिक आणि संकलित असे दोन भाग असतात. आकारिक म्हणजे वर्षभरातील तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ यांची नोंद, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकला 70 आणि संकलितला 30, तिसरी-चौथीत 60 आणि 40, पाचवी-सहावीत 50 आणि 50 अशी या पद्धतीतील गुणांची वाटणी. लहान मुलावर परीक्षेचा भार पडू नये हा तिचा हेतू योग्यच आहे. पण पालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकल्प आईने रात्री बसून केला असेल आणि गृहपाठ शिकवणीत लिहून घेतला असेल, तर त्या गुणांत आईचा आणि शिकवणीचाही वाटा असतो. केवळ श्रेणीवरून मुलाची खरी शिल्लक कळत नाही.

श्रेणीच्या तक्त्यापलीकडे वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. वर्गशिक्षकांनी वर्षभर जे पाहिले ते या तीन रकान्यांत येते. सुधारणेच्या रकान्यात ‘वाचनाचा सराव हवा’ अशी एक लहानशी ओळ असेल, तर ‘अ-2’ श्रेणीच्या आनंदात तिच्यावरून डोळा घसरू देऊ नये. ती ओळ म्हणजे खतावणीतील न जुळलेली रक्कम समजावी.

उदाहरणादाखल एक घर घ्यावे. आडत चांगली चाललेली आहे, घरात आजी-आजोबा आहेत, मुलगा तिसरीतून चौथीत गेला आहे. बहुतेक विषयांत ‘अ’ श्रेणी आहे. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी घरात चर्चा सुरू होते ती फाउंडेशन क्लासची, कारण शेजारचा मुलगा तेथे जातो. शुल्काचा आकडा निघतो, वेळही ठरते. संध्याकाळी आजोबा सहज नातवाच्या हाती वर्तमानपत्र देतात आणि बाजारभावाची बातमी वाचायला सांगतात. मुलगा अक्षर-अक्षर जुळवत वाचतो, जोडाक्षरापाशी थांबतो, आणि बातमी संपल्यावर तुरीचा भाव वाढला की उतरला हे त्याला सांगता येत नाही. पाढे मात्र त्याला वीसपर्यंत मुखोद्गत आहेत. असे मूल मंद नसते आणि आळशीही नसते. त्याच्या वाचनाकडे वर्षभर कोणी कान दिलेला नसतो, इतकेच. त्याला या घडीला फाउंडेशन क्लासपेक्षा रोज अर्धा तास शेजारी बसून ऐकणारे माणूस अधिक हवे असते.

ही पारख घरोघरी करता यावी यासाठी मापही उपलब्ध आहे. केंद्र शासनाने 2021 साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात प्रत्येक इयत्तेअखेरचे अपेक्षित टप्पे दिले आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये अर्थ समजून वाचावीत आणि 99 पर्यंतच्या संख्या लिहा-वाचाव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत आणि 999 पर्यंतच्या संख्या यायला हव्यात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचता यावेत, 9,999 पर्यंतच्या संख्या आणि गुणाकाराची सोपी उदाहरणे जमावीत. घड्याळ समोर ठेवावे, मुलाने पूर्वी न वाचलेला उतारा द्यावा, मिनिटभर ऐकावे आणि नंतर त्यातील दोन प्रश्न विचारावेत. मोजमाप घेताना रागावू नये, शेजारच्या मुलाचा आकडाही काढू नये. माल मोजताना कोणी पोत्यावर चिडत नाही.

येथे लातूरकर पालकाच्या मनातील मोठ्या प्रश्नाकडे यावे लागते. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव आज राज्यभर घेतले जाते. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील शिक्षकांनी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी घडवलेली ती पद्धत होती. जादा तास, वारंवार सराव परीक्षा आणि तपासलेली उत्तरपत्रिका हाती आल्यावर झालेल्या चुकांची उजळणी, असा तिचा गाभा होता. दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले त्यासाठी येथे खोली घेऊन राहू लागली. या शहराला त्याचा सार्थ अभिमान आहे. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या तरुणासाठी आखलेला दिनक्रम आठ वर्षांच्या बालकाला लावणे हा त्या पॅटर्नचा विस्तार नव्हे. ज्याला उदाहरण वाचूनच समजत नाही, त्याच्या हाती पुढच्या इयत्तेची उदाहरणे देऊन काय साधणार? पॅटर्नमधून प्राथमिक घराने घ्यायचे असेल तर एकच घ्यावे: चूक वेळेवर पाहणे आणि तिच्याकडे पुन्हा वळणे. त्याला शुल्क पडत नाही, पण आई-वडिलांचा वेळ मात्र पडतो.

क्लासच्या वेळेचाही विचार व्हावा. डिसेंबरात लातुरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वीच भोजनाचा नियम आहे, तेथे संध्याकाळी साडेपाच ते साडेसातचा क्लास लावला की एक तर मूल उपाशी बसते किंवा त्याचा नियम मोडतो, आणि दोन्हींचा सल आईला लागतो. मे महिन्यात पावणेसातनंतर सूर्यास्त होत असल्याने हा पेच लक्षात येत नाही, आणि प्रवेश मात्र मे महिन्यातच घेतला जातो. वेळापत्रक ठरवताना हिवाळ्याचा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा. शाळेच्या सकाळच्या वेळेविषयी शासनाने 2024 साली एक स्वागतार्ह निर्णय घेतला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे त्यात सांगितले आहे. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागील विचार. दुकान बंद करून वडील घरी येईपर्यंत मुलांना जागे ठेवण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांनी शाळेइतकेच आपल्या घराचे घड्याळही तपासावे.

चौथी उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या घरी या सुट्टीत आणखी एक निर्णय असतो. कायद्याने प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत असले, तरी अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत आणि पाचवीसाठी शाळा बदलावी लागते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यातील दोन तरतुदी पालकांना माहीत असाव्यात. प्राथमिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची मुलाखत अथवा चाळणी परीक्षा घेता येत नाही, तसेच देणगी मागता येत नाही. आणि जुन्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला, म्हणून शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पाचवीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. राज्याने 2023 साली केलेल्या बदलानुसार पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात थांबावे लागते. त्यामुळे वाचनाची उणीव चौथीच्या सुट्टीत भरून काढणे हे पाचवीच्या मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा केव्हाही बरे.

दाखला हाती येताच तो उजेडात नीट वाचावा. मुलाचे, वडिलांचे व आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि धर्माची नोंद आधार कार्डाशी व जन्मदाखल्याशी ताडून पाहावी. आपल्या समाजात आडनावाच्या जागी कोठे कुळाचे नाव, कोठे केवळ ‘जैन’ असा घोळ नेहमी आढळतो. एका भावाचे आडनाव एक आणि दुसऱ्याचे दुसरे, असेही घडते. केंद्र शासनाने जानेवारी 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. पुढे उच्च शिक्षणाच्या वेळी एखाद्या योजनेसाठी अर्ज करताना शाळेच्या रजिस्टरमधील धर्माची नोंदच पुढे येते. शिवाय आता विद्यार्थ्यांची ‘अपार’ ओळखसंख्या काढताना शाळेतील आणि आधारवरील नाव जुळावे लागते. मूल शाळेत शिकत आहे तोवर पुराव्यासह अर्ज करून दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटल्यानंतर तीच वाट फार बिकट होते. ज्या घरात बिलावरील एका अक्षराच्या चुकीने माल परत पाठवला जातो, तेथे हा कागद न वाचता ठेवला जाऊ नये.

पुस्तकांच्या बाबतीतही यंदा जुन्या सवयीवर विसंबू नये. थोरल्याची पुस्तके धाकट्याला, ही काटकसरीची चांगली रीत. पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलत आहे. त्या त्या इयत्तेचे पुस्तक बदलले आहे का, हे शाळेत विचारूनच जुने ठेवावे किंवा नवे घ्यावे. जुनी पुस्तके तरीही रद्दीत घालू नयेत. सुट्टीतील वाचनासाठी ती उत्तम असतात.

राहिली सुट्टी. मे महिन्यातील लातूरचे ऊन पाहता मुलांचा दिवस सकाळी आणि संध्याकाळीच फुलतो. आठ-दहा दिवस संस्कार शिबिरात जातील, काही दिवस आजोळी. उरलेल्या दिवसांसाठी मोठा आराखडा नको. सकाळी अर्धा तास मोठ्याने वाचन, आणि ऐकायला घरातील एक मोठे माणूस. आठवड्यातून एकदा वडिलांसोबत दुकानात किंवा आडतीवर एक तास. गल्ल्यावर बसवण्यासाठी नव्हे, तर काट्यावरचे वजन वाचण्यासाठी, क्विंटल आणि किलो यांचे नाते डोळ्यांनी पाहण्यासाठी, पावतीवरील नावे वाचण्यासाठी. दुपारी आजीसोबत डाळ निवडताना मुठी मोजणे हेही गणितच. आणि रोज काही वेळ असा, ज्यात मुलाला कोणीही काही शिकवत नाही. प्रगतिपुस्तकातील ‘आवड व छंद’ हा रकाना त्याच वेळातून भरतो.

जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा पहिल्या पालकसभेला वडिलांनीही जावे. सुट्टीत घरी घेतलेले मोजमाप वर्गशिक्षकांना सांगावे आणि त्यांचे मत ऐकावे. तक्रारीच्या सुरात न बोलता, एकाच मुलाचे दोन सांभाळकर्ते या नात्याने बोलणे व्हावे. दुकानातील एखाद्या जुन्या वहीच्या मागील पानावर मुलाच्या नावाने तीन नोंदी कराव्यात: आज मिनिटाला किती शब्द वाचतो, कोणत्या ठिकाणी अडतो, कशात रमतो. खाली तारीख घालावी.

पहिले सत्र दिवाळीला संपते. त्याच सुमारास घरोघरी वहीपूजनाची तयारी होते आणि नव्या वहीवर शुभ-लाभ लिहिले जाते. त्या संध्याकाळी जूनमधील ते पान काढावे, मुलाला जवळ बसवावे आणि नव्या वहीवरचा पहिला मजकूर त्यालाच वाचायला सांगावा.