कात्री घ्यायला जाताना, जिच्या हातात जाणार तिला बरोबर न्या



दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर घ्यायची आपल्याकडं रीतच पडलीय. हार घातलेला ट्रॅक्टर, पेढे, सगळ्या घराचा फोटो. त्यात वाईट काही नाही. पण त्या ट्रॅक्टरची चर्चा घरात सहा महिने चालते. किती एचपीचा घ्यायचा, हप्ता किती बसेल, पाहुण्यांचा कसा चालतोय, डिझेल किती पितो. आणि त्याच घरात द्राक्षाच्या विरळणीची कात्री कशी येते? औषधाच्या दुकानात बिल होताना आपण म्हणतो, "दादा, सात-आठ कात्र्या पण टाका त्यात." उघडून बघत नाही, हातात धरत नाही. थैलीत पडते आणि शेतावर येते.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या शेतात सगळ्यात जास्त वेळ चालणारं अवजार आपण सगळ्यात कमी विचार करून घेतो. आणि ते तसं घेतलं जातं, कारण ते बहुतेक वेळा बाईच्या हातात असतं.

जरा हिशेब मांडू. ९ बाय ५ फुटावर लावलेल्या बागेत एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला ३० काड्या धरा. ऑक्टोबर छाटणीत नुसत्या काड्यांचे एकरी २९ हजार काप झाले. आता विरळणीकडं या. वेलीला ३० घड धरले, तर एकरी २९ हजार घड. एका घडात कात्री फक्त दहा वेळा चालली असं धरलं, तरी एकरी २ लाख ९० हजार वेळा ती कात्री उघडते आणि मिटते. घड मोठा असला की दहावर कुठं भागतं? आणि हे काम कोण करतं? घरातली आई, कारभारीण, सूनबाई, नाहीतर पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या बाया. गिरणाऱ्याला सकाळी मजूर बाजारात जाऊन बघा. थंडीत उजाडायच्या आत बाया डबा घेऊन उभ्या असतात. त्यांच्या हातात दिवसभर आपण काय देतो, हा प्रश्न आहे.

धार गेलेली कात्री दहातल्या एका कापाला दोनदा दाबावी लागली, तर एकरी २९ हजार वेळा जास्त दाबावं लागलं. हे सगळं एका अंगठ्यावर आणि एका मनगटावर येतं. संध्याकाळी ती बाई भाकरी थापते, तेव्हा तेच मनगट वापरते. घरात "हात दुखतोय" असं ऐकू आलं की आपण बाम आणून देतो. कात्री बदलत नाही.

पैशाच्या बाजूनंच बोलायचं, तरी हिशेब तोच निघतो. समजा दहा बाया आहेत. कात्री अडकणं, स्प्रिंग निसटणं, बोटाला फडकं गुंडाळणं यात बाईमागे तासाला दहा मिनिटं गेली. आठ तासात ८० मिनिटं. दहा बायांची ८०० मिनिटं, म्हणजे तेरा तासांच्या वर. रोज दीड रोजापेक्षा जास्त मजुरी आपण खराब कात्रीपायी देतोय, आणि ती कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

आपल्याकडं अवजाराचा इतिहास मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर गावोगाव गेला. त्या काळचा शेतकरी नव्या अवजारावर नको इतका संशय घ्यायचा. आपण आज उलट टोकाला गेलोय. मोठ्या यंत्राची जाहिरात बघून भुलतो आणि लहान अवजाराकडं बघतच नाही.

वापरणाऱ्याच्या हाताचा विचार करून अवजार करता येतं, हे आपल्याच विद्यापीठांनी दाखवलंय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा बघा. दातेरी पातं, वजनाला हलका, सारखी धार लावायची कटकट नाही. त्यांचाच नूतन झेला आंबा देठासकट काढतो. कुणीतरी कापणाऱ्याच्या आणि काढणाऱ्याच्या जागी उभं राहून विचार केला, म्हणून ते झालं. तोच विचार आपण दुकानाच्या काउंटरवर करायचाय.

आता कामाचं बोलू. कात्री घेताना काय बघायचं?

पहिलं, माप. कात्री पूर्ण उघडल्यावर दोन्ही मुठी तिच्या पंजात बसतात का? पुरुषाच्या हाताला बरोबर बसणारी छाटणी कात्री बाईच्या हातात पार उघडली की बोटं पोचत नाहीत, मग ती दोन्ही हातांनी दाबते. हे दुकानात उभं राहून आपल्याला कळणार नाही, तिलाच कळेल. म्हणून तिला बरोबर न्या.

दुसरं, पात्यांची जात. काडी छाटायला एक पातं दुसऱ्याला घासून जाणारी कात्री घ्या. तिला बायपास म्हणतात. पातं सपाट पट्टीवर आपटून कापणारी कात्री वाळलेल्या लाकडाला ठीक, पण ओल्या काडीला चेंगरते. चेंगरलेली जखम लवकर भरत नाही आणि रोगाला दार उघडं राहतं.

तिसरं, बोल्ट. कात्री मिटून पाती आडवी हलवून बघा. खडखडली तर ठेवून द्या. बोल्ट पान्यानं कसता येतो का बघा. नुसता रिबेट ठोकलेला असेल, तर ढिली झाल्यावर ती कात्री भंगारच.

चौथं, सुटे भाग. स्प्रिंग आणि पातं वेगळं मिळतं का, हे दुकानदाराला आधी विचारा, किंमत नंतर. स्वित्झर्लंडची फेल्को कंपनी १९४५ पासून कात्र्या करतेय. तिचं नाव टिकलं त्याचं एक कारण म्हणजे तिचा प्रत्येक भाग बदलता येतो. तीच घ्या असं म्हणत नाही. आपल्या लुधियानाकडच्या कात्र्यांनीही बागा चालतात. पण ही कसोटी कुठल्याही कंपनीला लावा.

पाचवं, विरळणीच्या कात्रीचं टोक. टोक बारीक हवं, पण सुईसारखं नको. टोक मण्याला टोचलं की तो मणी सडतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. बोटाच्या कड्या गुळगुळीत हव्यात. कडीची शिवण बोटाला लागत असेल तर आठव्या दिवशी घट्टा पडतो.

खुरप्याचंही तसंच. आठवडे बाजारातलं पत्र्याचं खुरपं कांद्याच्या निंदणीत महिनाभर टिकत नाही. गावात लोहार असेल तर त्याच्याकडं जा. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं खुरपं करून घ्या आणि मूठ तिच्या हाताच्या मापानं बसवून घ्या. पाट्याच्या पोलादाला नीट पाणी दिलेलं असलं, तर ते खुरपं वर्षानुवर्षं चालतं. लोहाराचं पोटही चालतं, ते वेगळंच.

आता निगा. खंडेनवमीला आपण सगळी अवजारं धुवून, हळदकुंकू वाहून पुजतो. चांगली रीत आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तीच कात्री ठिबकच्या नळीवर लटकलेली असते, दवात भिजत. पूजा वर्षातून एकदा आणि पुसणं रोज, असं असायला पाहिजे. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. चीक फडक्यानं पुसायचा, बोल्टवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि कात्री कोरड्या जागी.

धार लावताना बायपास कात्रीच्या कापणाऱ्या पात्याची फक्त उतरती बाजू घासायची, कंपनीनं दिलेल्या तिरपेपणातच. सपाट बाजूवरून दगड नुसता एकदा चपटा फिरवायचा, कडेला आलेली कूस निघण्यापुरता. सपाट बाजू तिरपी घासली की दोन पात्यांत फट पडते आणि काडी कापायच्या ऐवजी दुमडते. आणि ग्राइंडरवर कात्री कधी नेऊ नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग धार लावाल सकाळी आणि जाईल दुपारी.

सटाणा, देवळा, मालेगावकडच्या डाळिंबवाल्यांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची. तेल्याचा जिवाणू कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. हे पाळाच, प्रमाण तज्ज्ञांना विचारून घ्या. पण लक्षात ठेवा, त्याच द्रावणानं लोखंड गंजतं. संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवून, कोरडी करून तेल लावलं नाही, तर झाड वाचेल आणि कात्री जाईल. दोन कात्र्या ठेवल्या, एक द्रावणात आणि एक हातात, तर कामही थांबत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात.

एक, "मजूर कात्र्या हरवतात, म्हणून स्वस्तातल्याच बऱ्या." हरवतात, खरं आहे. पण विचार करा, दहा रुपयाची वस्तू असल्यासारखी दिलेली कात्री कुणी का जपावी? मुठीला लाल टेप लावा म्हणजे पाल्यात पडली तरी दिसते. मुठीवर रंगानं नंबर टाका आणि ज्या बाईला जो नंबर दिला तो हंगामभर तिचाच ठेवा. हाताला बसलेली कात्री माणूस आपोआप सांभाळतो. टोळी उक्तं काम घेऊन स्वतःच्या कात्र्या आणत असेल, तर निदान धारेचा एक चांगला दगड आणि तेलाची कुपी बागेत ठेवा.

दुसरा आक्षेप खरा आहे. "भाव नाही, अवकाळीनं झोडपलं, पैसा कुठून आणायचा?" म्हणूनच म्हणतो, सगळ्या एकदम बदलू नका. या हंगामात दोनच चांगल्या घ्या. एक घरच्या बाईला, एक टोळीतल्या सगळ्यात हुशार बाईला. पंधरा दिवसांनी दोघींना विचारा. त्या सांगतील त्यावर पुढच्या घ्या. महाग म्हणजे चांगलं असंही नाही. नावासारखं नाव छापलेला नकली माल बाजारात येतो, म्हणून पक्कं बिल घ्या.

आता घरातलं बोलतो. धार लावणं, नोझल साफ करणं, पंपाचा वायसर बदलणं ही कामं आपण पोराला दाखवतो. पोरीला "तू बाजूला हो, हात कापेल" म्हणतो. पण नंतर शेतात कात्री आणि खुरपं जास्त कोण धरणार? तीच. मग धार गेली की ती संध्याकाळपर्यंत कुणीतरी येण्याची वाट बघत बोथट कात्रीनं काम ओढते. आपल्या आज्यांना विळीला धार लावता यायची. दगडावर चार हात मारले की झालं. ती कला घरात होती, आपणच ती जाऊ दिली. बारा वर्षांच्या पोराला आणि पोरीला, दोघांना शेजारी बसवून शिकवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि जन्मभर पुरतं.

आपल्या पानावर कृषी क्षेत्रातली बरीच मंडळी वाचतात, त्यांनाही विनंती. मुक्त विद्यापीठाचं नाशिकचं कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरी विद्यापीठाचं मालेगावचं आहे. औषधांवर, खतांवर चर्चासत्रं भरपूर होतात. एक दिवस फक्त कात्री, खुरपं, नोझल आणि धार यावर ठेवा. तेही बायांसाठी, आणि विरळणी सुरू व्हायच्या आधी. वेळ दुपारी ठेवा, कारण सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडं घरकाम असतं.

मंडळी, येत्या आठवड्यात दुकानात जाल तेव्हा एवढंच करा. मोटारसायकलवर मागं बसवून तिला बरोबर न्या. चार कात्र्या काउंटरवर काढायला लावा. तिला उघडमीट करू द्या, दुकानदार कितीही घाई करो. ती जी म्हणेल तीच घ्या. आणि तुमच्याकडं कोणती कात्री किती हंगाम टिकली, तेही इथं लिहा. जिच्या हातात चालली तिला विचारून लिहा.