हर्णैचे बंदर

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, मुलांची सुट्टी मात्र अजून शिल्लक आहे, आणि "कुठे तरी जाऊ या" असा लकडा घरोघर सुरू आहे. अशा वेळी बहुतेकांना महाबळेश्वर आठवते. आमची सूचना एवढीच, की या खेपेस दापोलीवरून खाली उतरून हर्णै गाठावे.

हर्णैला जावे ते संध्याकाळच्या सुमारास. होड्या खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात आणि मासळी किनाऱ्यावर आणायला चक्क बैलगाड्या समुद्रात शिरतात! वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग पडतात आणि लिलाव पुकारला जातो. बोली लावणाऱ्यांत कोळणींचा आवाज वरचढ. हिशेबाला कागद नाही, पेन्सिल नाही. सारा व्यवहार तोंडी, आणि चूक सहसा नाही. आपण पाटीमागे पाच रुपये कमी करण्यासाठी हुज्जत घालतो, तेव्हा एवढे ध्यानात असावे, की जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते आणि उरलेल्या दहा महिन्यांच्या कमाईत या घरांची बारा महिन्यांची चूल पेटायची असते.

बंदरासमोरच पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन त्याचे पाठीराखे. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे आणि फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती. होडीने सुवर्णदुर्गावर जाता येते. उतरताना पाय भिजतात, त्याला इलाज नाही. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि तटावर मारुती. कान्होजी आंग्र्यांचा उदय याच किल्ल्यातून झाला. पण 1755 साली कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशवे होते. पुढल्याच वर्षी विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. घरच्या भांडणात परका पंच बोलावला म्हणजे काय होते, ते या तटाखाली उभे राहून मुलांना सांगावे. पुस्तकातल्यापेक्षा लवकर समजेल. 2025 साली हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या तटावर आपापली नावे कोरून त्या गौरवात भर घालण्याची गरज नाही!

उत्तरेला जोग नदीची खाडी ओलांडली की आंजर्ले. पूर्वी तरीतून जावे लागे, आता पूल आहे. कड्यावरच्या गणपतीच्या देवळातून खाली पाहिले की नारळी-पोफळीच्या बागा आणि दूरवर सुवर्णदुर्ग दिसतो. आंजर्ल्याच्या वाळूत थंडीच्या दिवसांत समुद्रकासवे अंडी घालायला येतात आणि गावकरी ती जपतात.

दक्षिणेला मुरूड. (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे, बरे का!) दुर्गादेवीचे दर्शन घ्यावे आणि मग धोंडो केशव कर्व्यांचे स्मरण करावे. ते वाढले याच गावात. 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ घरातल्या म्हाताऱ्या आईपर्यंत पोचली. कर्व्यांनी गावाला शिव्याशाप दिले नाहीत. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1916 साली महिला विद्यापीठ. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. आज मुरूड त्यांचे नाव अभिमानाने सांगते.

त्या गावातली माणसे काही दुष्ट नव्हती. देवभोळी, कष्टाळू, तुमच्या-आमच्यासारखीच होती. म्हणूनच मुरूडहून निघताना मनाला एक प्रश्न विचारून पाहावा: आज आपल्या आळीत, आपल्या सोसायटीत आपण कोणाला वाळीत टाकले आहे? उत्तर मिळाले, तर सुट्टी सार्थकी लागली म्हणायची. न मिळाले तरी सोलकढी आहेच!