दहा हौशी व एक धंदेवाईक



क्रिकेटच्या खेळात कसोटी सामन्यांचा गाजावाजा फार होतो. परंतु या खेळाचे खरे मूळ लहान गावांच्या मैदानांत रुजलेले आहे. इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर नावाचा परगणा आहे. तेथील हौशी संघांची एक स्पर्धा, ‘लँकेशायर लीग’ या नावाची, 1892 पासून चालत आली आहे. तिचा इतिहास आपल्या खेळकर तरुणांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

लँकेशायर म्हणजे सुती कापडाच्या गिरण्यांचा प्रदेश. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस येईनासा झाला, तेव्हा आपल्या देशाचा कापूस मुंबई बंदरातून याच गिरण्यांकडे रवाना होत असे. गिरणीकामगाराला सहा दिवस विश्रांती कसली ती ठाऊक नव्हती. 1850 च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता स्त्रियांचे व अल्पवयीन कामगारांचे काम थांबवावे, असे ठरले. त्यांच्यावाचून यंत्रे चालणे कठीण, म्हणून गिरणीच बंद होऊ लागली. शनिवारचा हा अर्धा दिवस मोकळा मिळाला, आणि त्यातूनच एका दुपारी निकालात निघणारे सामने जन्मास आले. नेल्सन, बर्नली, कोल्न, बेकप, हॅसलिंग्डन, रॉटनस्टॉल, ॲक्रिंग्टन ही सारी शेजारशेजारची गिरणगावे. शेजाऱ्याशी चुरस असली म्हणजे प्रेक्षकांना तोटा नसतो!

प्रत्येक गावाला जिंकावेसे वाटे, आणि जिंकण्यासाठी पैसे देऊन नामांकित खेळाडू आणण्याचा मोह होई. हा मोह मोकळा सोडला असता, तर श्रीमंत गाव अकराही गडी विकत घेऊन बसले असते व गावच्या पोरांनी कुंपणाबाहेर उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणून लीगने 1900 च्या सुमारास नियम घातला, की संघात धंदेवाईक खेळाडू एकच असावा. उरलेले दहा हौशी असावेत. विणकर, दुकानदार, शिक्षक, कारकून असे हे दहाजण असत. या एका नियमावर साऱ्या स्पर्धेचा तोल उभा राहिला.

धंदेवाईक खेळाडूने केवळ शनिवारी खेळून भागत नसे. उन्हाळाभर त्याने गावात राहावे व संध्याकाळी मुलांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. एखाद्याने पन्नास धावा केल्या, की प्रेक्षकांत टोपी फिरे व जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे नाणी टाकी. हा मान धंदेवाइकाप्रमाणे हौशी खेळाडूलाही मिळे.

1929 साली नेल्सनने वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाचे लिअरी कॉन्स्टंटाइन यांना हंगामास सुमारे 500 पौंड देऊन बोलावले. त्या गावाने कृष्णवर्णीय माणूस क्वचितच पाहिला होता. काहींनी अपमानकारक पत्रे पाठवली. मुले खिडकीतून डोकावून पाहत. कॉन्स्टंटाइन यांनी मात्र गाव सोडले नाही. त्यांच्या 1929 ते 1937 या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा अजिंक्यपद मिळवले. खेळ थांबल्यावरही ते 1949 पर्यंत तेथेच राहिले. लंडनच्या एका हॉटेलाने वर्णामुळे जागा नाकारली, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली व 1944 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 1969 साली त्यांना उमराव करण्यात आले, तेव्हा त्यांच्या पदवीत त्रिनिदादमधील मारावल या ठिकाणाबरोबर नेल्सनचेही नाव गुंफले गेले. पाहुणा म्हणून आलेला माणूस त्या गावाचा झाला, तो असा.

आपले खेळाडूही या मैदानांवर चमकले. अमर सिंग कोल्नकडून खेळले. कॉन्स्टंटाइन यांच्या पश्चात नेल्सनने लाला अमरनाथ यांना बोलावले. 1952 साली विनू मांकड हॅसलिंग्डनशी करारबद्ध होते, म्हणून भारतीय संघाच्या दौऱ्यात ते नव्हते. पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद अशी आपली दाणादाण उडाली, तेव्हा हॅसलिंग्डनकडे विनवणी करून मांकडांना लॉर्ड्‌सच्या सामन्यासाठी मागून घ्यावे लागले. तेथे त्यांनी 72 व 184 धावा काढल्या आणि दोन्ही डावांत मिळून 97 षटके टाकली. सामना आपण गमावला, तरी तो ‘मांकडांचा सामना’ म्हणूनच ओळखला जातो. त्या संघाचे कप्तान होते सांगलीत जन्मलेले व बडोद्याच्या संघातून नावारूपास आलेले मराठी ख्रिस्ती विजय हजारे.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या बंद होण्यापूर्वी गुजरातेतून व पाकिस्तानातून जी माणसे कामासाठी तेथे गेली, त्यांची मुले-नातवंडे आज त्याच मैदानांवर खेळतात. कपिल देव 1981 मध्ये नेल्सनकडून, व्हिव्ह रिचर्ड्‌स 1987 मध्ये रिश्टनकडून व शेन वॉर्न 1991 मध्ये ॲक्रिंग्टनकडून खेळले. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण शनिवारचा सामना थांबला नाही.

आता आपल्याकडे वळू या. गावोगावच्या स्पर्धांत रोख बक्षिसाचा आकडा वाढला, की बाहेरचे पाच-सहा गडी मोल देऊन आणले जातात. करंडक गावात येतो, पण गावचा पोरगा संघाबाहेर राहतो. पैशाला मुळीच थारा देऊ नये, असे लँकेशायरच्या त्या गिरणीकामगारांनी म्हटले नाही. त्यांनी पैशाला एक जागा दिली व दहा जागा आपल्या मुलांसाठी राखल्या. शिवाय त्या एकालाही मुलांचा गुरू केले. आपल्या तरुण मंडळांनी पुढील स्पर्धेचे नियम ठरवण्यास बसण्यापूर्वी या हिशेबाचा विचार जरूर करावा.