विश्लेषण : झेनमध्ये एस्टीमचे इंजिन बसते, मग ‘आरसी’त का बसत नाही?

जुनी मारुती झेन घ्यायची, तिचे ९९३ सीसीचे इंजिन उतरवायचे आणि त्या जागी एस्टीमचे १२९८ सीसीचे चढवायचे. गाड्यांचे वेड असलेल्यांना हा उद्योग नवा नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात लेथ, वेल्डिंग आणि सुट्या भागांची दुकाने इतकी आहेत, की पैसा आणि धीर असेल तर हे काम विश्रामबागेतल्या एखाद्या बंगल्याच्या पार्किंगमध्येही होऊ शकते. अडचण सुरू होते ती गाडी फाटकाबाहेर काढताना. एखाद्याने हौसेने बदललेली किंवा स्वतः बनवलेली एकच गाडी तपासून रस्त्यावर आणण्याचा सरळ मार्ग आपल्याकडे नाही. तो असायला हवा, आणि तो कडक असायला हवा.

इंजिन बदलणे म्हणजे नेमके काय?

झेनचे आणि एस्टीमचे इंजिन सुझुकीच्या एकाच ‘जी’ मालिकेतले. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्ही बॉनेटखाली आडवी बसणारी. एकाच भावकीतली म्हणा ना. त्यामुळे कापाकापी तुलनेने कमी लागते आणि हौशी मंडळींची पहिली पसंती याच जोडीला असते. सुरुवातीच्या झेनची ताकद साधारण ५० अश्वशक्ती, तर नंतरच्या एमपीएफआय एस्टीमची ८५. गाडीचे वजन मात्र जेमतेम पाऊण टन. म्हणजे वजन जवळपास तेच आणि ताकद सुमारे ७० टक्के जास्त. मारुती ८०० मध्ये हेच करायचे तर काम वाढते. तिचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे, त्यामुळे चार सिलिंडरसाठी माउंट नव्याने बनवावे लागतात आणि रेडिएटरची जागाही हलते.

इंजिन बसले की काम संपले, असे बघणाऱ्याला वाटते. खरे काम तिथून पुढे असते. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या पुस्तकातले गणित. ताशी ६० किलोमीटरऐवजी १२० वरून गाडी थांबवायची असेल तर ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. ब्रेक मात्र ५० अश्वशक्तीच्या गाडीचेच राहिले असतील, तर एक-दोन वेळा जोरात दाबल्यावर ते तापतात आणि पुढच्या वेळी पेडल दाबूनही पकड येत नाही. उतारावर, म्हणजे आंबा घाटात किंवा खंबाटकीत, असे झाले तर काय होईल ते सांगायला नको.

इंधनाच्या नळीचे उदाहरण तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल अगदी कमी दाबाने जाते. एमपीएफआय इंजिनाला तेच पेट्रोल सुमारे दहापट दाबाने लागते. जुनी रबरी नळी तशीच ठेवून वर साधी क्लिप आवळली, तर ती एक दिवस सुटते, आणि ती सुटते तापलेल्या इंजिनावर. याशिवाय वाढलेल्या ताकदीने ड्राइव्ह शाफ्ट तुटणे, पुढचा भाग जड झाल्याने वळणावर गाडी सरळ जाऊ पाहणे, वायरिंगमध्ये फ्यूज न टाकणे, अशा कितीतरी गोष्टी आहेत. यातली एकही गोष्ट चकचकीत रंगाच्या फोटोत दिसत नाही. ती गाडीखाली वाकूनच बघावी लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

सगळेच बदल बंद आहेत असे मात्र नाही. इंजिन निकामी झाले तर परवानगी घेऊन त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे दुसरे बसवता येते, नवा इंजिन क्रमांक ‘आरसी’वर चढतो. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मंजूर किट बसवायलाही परवानगी आहे. म्हणजे झेनचे इंजिन पूर्ण काढून तिथे विजेची मोटर आणि जड बॅटरी बसवली तर कायद्यात त्यासाठी वाट आहे. त्याच कंपनीचे, त्याच मालिकेतले, ३०५ सीसीने मोठे पेट्रोल इंजिन बसवले तर वाट नाही. इंधन बदलाला प्रोत्साहन देण्यामागचा प्रदूषणाचा हेतू रास्तच आहे. पण सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर या दोन बदलांत पहिला अधिक मोठा आहे. तो तपासून मंजूर करता येत असेल, तर दुसरा का नाही, याचे समाधानकारक उत्तर कायद्यात मिळत नाही.

देवराष्ट्रेच्या जीपचे काय झाले?

सांगली जिल्ह्याला हा प्रश्न याआधी एकदा पडून गेला आहे. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे इंजिन आणि भंगारातले भाग वापरून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही हेही स्पष्ट सांगितले. आज ना उद्या प्रशासन तिला अडवणार, म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि जीप कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या संग्रहाचा भाग झाली.

गोष्ट गोड आहे आणि यात कुणाचे काही चुकलेही नाही. तरी तिची दुसरी बाजू पाहायला हवी. एका कारागिराच्या गाडीला रस्त्यावर राहण्याचा कोणताच मार्ग नव्हता, तिने संग्रहालयाची वस्तू होणे एवढाच पर्याय उरला. ती जीप महामार्गावर धावण्याच्या लायकीची होती असे कुणी म्हणणार नाही. पण तिच्यात काय कमी आहे, ते दुरुस्त करून पुन्हा कधी आणायचे, हे सांगणारे टेबलच सरकारी यंत्रणेत कुठे नव्हते. प्रत्येकाला बोलेरो देणारा उद्योगपती भेटणार नाही.

तपासणारे तर शेजारीच आहेत

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत. पुण्यातील एआरएआय, पुण्याजवळच भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. अडचण एवढीच, की ही व्यवस्था हजारो गाड्या बनवणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. कारखान्याला एक गाडी भिंतीवर आपटून चाचणी देता येते, कारण मागे दुसरी उभी असते. हौशी माणसाची एकुलती एक गाडी आपटली, की चाचणीत पास होऊनही चालवायला काही उरत नाही.

ब्रिटनने यावर काढलेला तोडगा समजून घेण्यासारखा आहे. तिथे मोठे बदल केलेल्या गाडीसाठी गुणांचे कोष्टक होते. मूळ चासी किंवा सांगाडा न बदलता ठेवला तर ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला फक्त १. एकूण १४ पैकी किमान ८ गुण राखले तर गाडीचा जुना नोंदणी क्रमांक कायम राहत असे. त्याखाली गेल्यास, किंवा सांगाडाच कापला असल्यास, त्या एका गाडीची स्वतंत्र तपासणी होत असे. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, कडा, धूर असे सगळे पाहिले जाते. नापास झालेल्याला कारणांची यादी मिळते आणि तो दुरुस्ती करून परत येतो. जर्मनीत तज्ज्ञ तपासनीस बदल पाहून मंजुरी देतो आणि मग तो बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो.

या कोष्टकात इंजिनाला सर्वात कमी गुण होते. आपल्याकडे चर्चा मात्र नेहमी इंजिनाभोवतीच फिरते.

विरोधकांचे म्हणणे काय?

‘आधीच आरटीओत रांगा आहेत, त्यात ही हौस कुठे?’ हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. दुसरा त्याहून गंभीर : दार किलकिले केले, की फटाके फोडणारे सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे दिवे लावणारेही त्यातूनच आत येतील. चोरीच्या गाडीचे इंजिन भंगारातून फिरवण्याचा धोकाही आहेच.

या सगळ्याला उत्तर देता येते. इंजिनाचे बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला सक्तीचा करता येईल. शुल्क भरपूर ठेवता येईल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, पण बदललेल्या गाडीला दरवर्षी योग्यता तपासणी लावता येईल. आवाज आणि धूर मूळ मर्यादेपेक्षा इंचभरही वाढता कामा नये.

आजच्या बंदीने हे प्रकार थांबतात असेही नाही. ते फक्त लपतात. लपवायचे म्हटले की माणूस बाहेरून दिसणार नाही तेवढेच बदलतो. बॉनेटखालचे इंजिन कुणाला दिसत नाही. मोठी ब्रेक डिस्क बसवायची तर मोठे चाक लागते आणि ते चौकातल्या पोलिसाला लांबून दिसते. मग ताकद वाढते आणि ब्रेक जुनेच राहतात. वर विमा कंपनीपासूनही बदल लपवलेला असतो, म्हणजे अपघात झाला तर दाव्यावरून वाद ठरलेला. त्याचा फटका रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसालाही बसू शकतो.

हौशी लोकांसाठी वेगळा नियम करणे सरकारला जमत नाही, असेही नाही. जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, आणि वापर प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांपुरताच. व्हिंटेज गाड्यांचे मालक संख्येने मूठभर, तरी त्यांच्यासाठी चौकट तयार झाली. जुन्या झेनच्या मालकाच्या मागे तसे वजन नाही, हा फरक असावा.

कौशल्याचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. विश्रामबागेतले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून सांगलीत अभियंते घडवते. राज्यभरातल्या अशा महाविद्यालयांचे संघ २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः गाडी बनवतात. तिथे इंजिन सर्वांना सारखेच, कस लागतो तो सांगाडा, सस्पेन्शन आणि ब्रेकचा. जोरात ब्रेक मारल्यावर चारही चाके जागीच लॉक झाली नाहीत, तर गाडीला शर्यतीत उतरू देत नाहीत. विशी-बाविशीतली पोरे रात्र रात्र जागून ही अट पूर्ण करतात.

नियम बदलेपर्यंत ज्यांना हे करायचेच आहे, त्यांच्यासाठी कायदेशीर जागा एकच : खासगी, बंदिस्त ट्रॅक. गाडी तिथपर्यंत स्वतः चालवत नेता येणार नाही, ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी लागेल. ट्रॅकवरही ब्रेक, इंधनाची नळी, सीटबेल्ट आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर हा खर्च इंजिनाच्या आधी धरावा. इंजिन घेताना बिल मागावे. ‘बिलाचं काय, इंजिन बघा की’ म्हणणाऱ्या दुकानातून घेऊ नये.