निवडणूक-सुधारणा कोणाला नको आहेत?

पक्षनिधी आणि निवडणूक खर्च यांच्या सुधारणेचा विषय निघाला, की एक ठरावीक उत्तर ऐकू येते: २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही; अशा दुभंगलेल्या सभागृहात एकमत होणार कसे? हे उत्तर आम्हांला मान्य नाही.

पैशाच्या प्रश्नावर एकमत सहज होते. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परकीय देणग्यांच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही दोषी ठरवले. पुढे २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून परकीय देणगीदार कोणास म्हणावे याची व्याख्याच बदलण्यात आली, तीही १९७६ पासून लागू होईल अशी. २०१८ चे विधेयक लोकसभेने गदारोळात, चर्चेविना संमत केले. सेवाभावी संस्थांसाठी मात्र २०२० साली हा कायदा अधिक कठोर झाला. आपल्या धर्मग्रामातील संस्थांनी पैन्पैचा हिशेब द्यावा, हे उचितच आहे. मग पक्षांना वेगळा न्याय का?

निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. रोग्याची एक गाठ कापली गेली. रोग शिल्लक आहे. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, परंतु त्याच्या पक्षाला कोणतीही मर्यादा नाही. दाराला कुलूप लावायचे आणि मागची भिंत पाडून ठेवायची, असा हा प्रकार आहे.

यावर सरकारी निधीचा उपाय सुचवला जातो. १९९८ मध्ये नेमलेल्या इंद्रजित गुप्त समितीने मान्यताप्राप्त पक्षांना वस्तुरूपाने साहाय्य द्यावे, अशी शिफारस केली होती. तत्त्वतः ती आम्हांला पटते. मात्र पक्षांच्या खर्चाला मर्यादा आणि हिशेबाला उजेड मिळाल्यावाचून दिलेला सरकारी पैसा काळ्या पैशाची जागा घेणार नाही. तो त्यात भर घालील. आधी हिशेब, मग निधी, हाच क्रम योग्य होय.

दुभंगलेले सभागृह ही अडचण नसून संधी आहे. माहितीचा अधिकार २००५ साली आघाडी सरकारच्या काळातच मिळाला. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना त्या कायद्याच्या कक्षेत आणले, तेव्हा तो आदेश न पाळण्यात मात्र साऱ्यांची एकजूट दिसली.

वाचकहो, ही एकजूट मतदारच मोडू शकतो. मत मागण्यास दारी येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारा: तुमच्या पक्षाचा पैसा कोठून येतो? उत्तर मिळेपर्यंत त्याला मताचा शब्द देऊ नका.