हुकलेले छायाचित्र

अरण्यात जाऊन वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद अलीकडे पुष्कळ वाढला आहे. ताडोबा, पेंच यांसारख्या वनांच्या प्रवेशद्वारांशी पहाटेच उघड्या जीपगाड्यांची रांग लागते. प्रत्येकाला वाघाचे चित्र हवे असते. ते मिळाले नाही, तर "फेरी फुकट गेली" असा सुस्कारा ऐकू येतो. माझे मत याहून निराळे आहे. हातची संधी सोडून देण्याची ज्याच्या मनाची तयारी नाही, त्याने अरण्यात कॅमेरा नेऊच नये.

प्रथम वाघाकडेच पाहा. तो दबा धरून बसतो, सावकाश पुढे सरकतो आणि झेप घेतो. तरीही त्याच्या बहुतेक झेपा वाया जातात. हरीण निसटले, तर तो त्याच्यामागे कोसभर धावत सुटत नाही. पुन्हा नव्याने संधीची वाट पाहतो. जो प्राणी स्वतःच प्रतीक्षेवर जगतो, त्याचे चित्र उतावळ्या माणसाला कसे लाभावे?

जुन्या छायाचित्रकारांनी हे ओळखले होते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक मोलाचा मानीत. वाघाच्या वाटेवर ते तार बांधून ठेवीत. रात्री वाघाचा धक्का तारेला लागला, की लख्ख प्रकाश पडून चित्र उमटे. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन जिम कॉर्बेट यांनी वाघांचे चलच्चित्र घेण्यास आरंभ केला. पण कॅमेऱ्याची बारीक घरघरही वाघाच्या तीक्ष्ण कानांना कळे. तेव्हा कॉर्बेट यांनी ओढ्याला लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट वाढविला आणि त्या आवाजाच्या आडोशाने चित्रण केले. वाघाने आपल्या सोयीने वागावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांनी स्वतःचीच रीत बदलली.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच पिल्लांसह वाटेने चालली होती. पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडविली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतून कित्येकांना जवळून चित्रे मिळाली असतील. परंतु ज्या चित्रासाठी आईची आणि पिल्लांची वाट बंद करावी लागते, त्याला मी यश म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, "आम्ही दुरून येतो, शुल्क भरतो, मग वाघ दिसू नये काय?" ही निराशा मी समजू शकतो. परंतु शुल्क भरून आपण वनात शिरण्याची परवानगी घेतो. वाघ विकत घेत नाही. चालकाने गाडी पुढे दामटली, तर दोष त्याच्या एकट्याचा नसतो. वाघ दाखविल्यावरच बक्षीस देणारा आणि मागे बसून "अजून जवळ घ्या" म्हणणारा प्रवासीही तितकाच दोषी असतो.

मुलांनो, संधी दोन प्रकारांनी हुकते. कॅमेरा सज्ज नव्हता, आपण गप्पांत रमलो, वानराने दिलेला इशारा ऐकलाच नाही, म्हणून जी संधी जाते, तिच्याबद्दल अवश्य हळहळावे आणि पुढच्या वेळी अधिक सावध राहावे. परंतु प्राणी बिचकेल, त्याची वाट अडेल, म्हणून जी संधी आपण जाणूनबुजून सोडतो, तिच्याबद्दल खंत कसली? तो संयमाचा विजय होय.

तुम्ही केव्हातरी अरण्यात जालच. गाडी थांबवून शांत बसा. पानांची सळसळ ऐका, चितळांचे टवकारलेले कान पाहा, ओल्या मातीतील पावलांचे ठसे न्याहाळा. वाघ आला, तर आनंदच आहे. नाही आला, तर तो आपल्या मर्जीने मोकळा फिरत आहे, असे समजावे. त्याचे हे स्वातंत्र्य टिकले, तरच उद्या त्याचे चित्र घेण्याची संधी कोणाला तरी मिळेल.