वीज लोखंड बघून पडत नाही



आज पिकाची नोंद नाही. आजचा विषय आहे व्हिडिओ गेममधला पाऊस. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. त्या पावसापायी आमच्या घरातलं पोरगं मागच्या आठवड्यात भर गडगडाटात आंब्याखाली जाऊन उभं राहिलं होतं.

झालं असं. पुतण्या पुण्याला शिकतो, सुट्टीला आलाय. दुपारी कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकत होतो. पश्चिमेकडून वळीव उठला, गडगडायला लागलं. म्हटलं, पळ घराकडं. मी दोरी बांधून वळून बघतो तर ह्यानं हातातला कोयता लांब फेकला आणि बांधावरच्या एकट्या आंब्याखाली निवांत उभा. ओरडलो, हाताला धरून घरात आणला. विचारलं, अक्कल कुठं ठेवली होती? तर म्हणतो, "काका, कोयता टाकला होता की. अंगावर लोखंड नसलं की वीज पडत नाही. गेममध्ये तसंच असतं."

पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, बघू तरी काय असतं त्यात. लाईट आल्यावर त्याला म्हटलं, दाखव तुझा गेम. तीन संध्याकाळी बसलो. त्यावरून माझं मत झालंय ते सांगतो.

त्यानं आधी दाखवला 'स्कायरिम', 2011 चा. तलवार, जादू, ड्रॅगन. बर्फ पडतो, पाऊस पडतो, धुकं येतं, दिसायला झकास. पण मूळ गेममध्ये त्या थंडीनं हीरोचं काही बिघडत नाही. उघड्या अंगानं बर्फात फिरा, चालतंय. वर एक मंत्र आहे, तो ओरडला की आभाळ मोकळं! म्हटलं, हा मंत्र आपल्याला ऑक्टोबरात पाहिजे, सोयाबीन काढणीला आल्यावर. असला पाऊस म्हणजे नाटकातला पडदा. मागं टांगलेला, गोष्टीला हात न लावणारा.

दुसरा 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड', निन्टेन्डो कंपनीचा, 2017 चा. इथं मात्र मी सरसावून बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात पुढचं हवामान चिन्हांत दिसतं. पाऊस लागला की कड्यावर चढताना हात सटकतो, पेटवलेला जाळ विझतो, पण पावलांचा आवाज कमी होतो म्हणून शत्रूच्या मागून जाता येतं. थंड डोंगरात जायचं तर गरम कपडे घाला, नाहीतर तिखट मिरची घालून शिजवून खा. म्हणजे पाऊस आला की बेत बदलावा लागतो. थांबायचं, दुसरी वाट धरायची, की त्याच पावसाचा फायदा घ्यायचा? आपण रोज सकाळी आभाळाकडं बघून हेच ठरवतो. फवारणी करायची की थांबायचं, वापसा येईल का, माणसं सांगायची का.

तिसरा 'स्टारड्यू व्हॅली', 2016 चा. एरिक बॅरोन नावाच्या माणसानं एकट्यानं बनवलेला. त्यात जादूगार आहे, खाणीत राक्षस आहेत, पण मुख्य काम शेती. 28 दिवसांचा एक ऋतू, असे चार ऋतू. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी द्यायची कटकट नाही. ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक वाळून जातं, म्हणून पेरणीचे दिवस मोजावेच लागतात. हे शिकवणं मला आवडलं. उशिरा पेरलं तर काय होतं, हे पोरगं बोटावर मोजून सांगत होतं. माझं ऐकून कधी मोजलं नव्हतं त्यानं.

आता माझं मत. हे गेम म्हणजे नुसता टाइमपास, असं मी म्हणणार नाही. ज्या गेममध्ये हवामान निर्णय बदलायला लावतं, तो गेम पोराला काहीतरी शिकवतो. आणि पोरं पुस्तकापेक्षा तिथलं पक्कं धरतात, कारण तिथं स्वतःच्या हातानं चूक करून शिकलेलं असतं. पण म्हणूनच आपण शेजारी बसलं पाहिजे. त्यातला कुठला नियम खरा आणि कुठला फक्त खेळापुरता, हे गेम सांगत नाही. ते सांगायचं काम आपलं.

खोटे नियम मला तीन दिसले.

पहिला, पाऊस नेहमी भल्याचाच. स्टारड्यूमध्ये पाणी साचत नाही, मूळ सडत नाही, करपा-भुरी येत नाही. तयार झालेलं पीक ऋतू संपेपर्यंत जागेवर तसंच उभं राहतं. आपल्याकडं काढणीला आलेल्या सोयाबीनला चार दिवस पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरल्यावर काय होतं ते बागायतदाराला विचारा.

दुसरा, अंदाज म्हणजे शब्द दिल्यासारखा. तिथला टीव्ही उद्या पाऊस म्हणाला की सगळ्या रानावर पाऊस. आपला अंदाज एखाद्या भागाचा असतो, आणि पाऊस बांधाच्या अलीकडं पडून पलीकडं कोरडं ठेवतो. अंदाज म्हणजे शक्यता. तो चुकला म्हणून हवामान खात्याला शिव्या द्यायच्या आणि पुढच्या वेळी बघायचाच नाही, हे आपण मोठी माणसंही करतो. मग पोरांना काय बोलणार?

गेम बनवणाऱ्याचा यात दोष नाही. कष्ट करून उभं केलेलं पीक काही कारण नसताना वाहून गेलं, तर असला गेम दोन दिवसांत कोणीही बंद करेल. आपल्याला बंद करायची सोय नाही, एवढाच फरक.

तिसरा नियम जिवावर बेतणारा. झेल्डामध्ये गडगडाट सुरू झाला की अंगावरच्या लोखंडी हत्यारातून ठिणग्या उडायला लागतात. ते काढून लाकडी घेतलं की बचावलात. खेळाडू तर लोखंडी तलवार मुद्दाम शत्रूच्या जवळ टाकतात, वीज त्याच्यावर पडावी म्हणून. खेळाला युक्ती भारी आहे. रानात ती चालत नाही.

वीज लोखंड शोधत येत नाही. ती उंच, एकट्या, उघड्यावरच्या वस्तूवर पडण्याची शक्यता जास्त. मोकळ्या रानात ती वस्तू म्हणजे बांधावरचं झाड, आणि झाड नसेल तर उभा माणूस. कोयता टाकून झाडाखाली गेलेला माणूस जास्त धोक्यात. झाडावर पडलेली वीज खोडावरून बाजूच्या माणसावर उडी मारते, आणि मुळाभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम दगावतात ती त्यामुळंच. त्यांचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, त्यामुळं जमिनीतला प्रवाह अंगातून जातो.

लोखंडाचा धोका वेगळा आहे. तारेचं कुंपण, पाइपलाइन, मोटारीचा स्टार्टर यांतून लांब पडलेली वीजही तुमच्यापर्यंत येऊ शकते. म्हणून गडगडत असताना मोटार बंद करायला सुद्धा जाऊ नका.

पुतण्याला वहीत लिहून दिलं, तुम्हीही घरात सांगा:

- चमकल्यापासून आवाज येईपर्यंत 30 आकडे मोजून झाले नाहीत, म्हणजे वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत. काम सोडा.
- पक्कं घर किंवा काचा लावलेली बंद गाडी. उघडा ट्रॅक्टर नाही, बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड नाही, झाड तर नाहीच.
- शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा, मगच बाहेर.
- वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. लगेच हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, कोणाला तरी 108 लावायला सांगा.
- पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा. आसपास वीज पडतेय का ते कळतं.

काल परत आभाळ भरून आलं. मी गोठ्याकडं निघालो होतो, तर पुतण्या ओट्यावरून आकडे मोजत होता. अठराला आवाज आला. "काका, घरात या," म्हणाला. गेलो गुपचूप. गंजी उघडी होती, थोडा कडबा भिजला. भिजू दे.

कृषी सहायक, कृषी विद्यापीठातली मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. पोरांना समजेल असा आपल्या मातीतला एखादा खेळ कोणी बनवत असेल तर त्याच्या मदतीला जा. त्यात झाडाखाली उभं राहिलं की हरणं ठेवा. त्यांना तो नियम खेळात आधी कळू दे.

तुमच्या घरची पोरं कुठले गेम खेळतात, त्यात पाऊस कसा असतो? आज संध्याकाळी शेजारी बसून बघा आणि खाली लिहा.